जुळवणी

“थांब, थांब. मागं घे. अजून. हां, इथं. बघ, उगारला बांबू.”

“फुगं बघा की तात्या, कसलं फुटाय लागल्यात.”

“फुगं राहू देत. नदाफाचा हात बघ. एक. दोन. आणि ह्यो तिसरा. पडला बघ गडी.”

“पुन्हा लाव.”

मी दाराबाहेर उभी होते. एका हातात पोलीस नाईक झांबरे यांचे बूट, दुसऱ्या हातात सरकारी दवाखान्याचा कागद. आत निंबळे पोलीस ठाण्यातला एकमेव धड चालणारा संगणक, त्याच्याभोवती चार खुर्च्या, चहाची किटली आणि पडद्यावर माझी दुपार.

माझी म्हणजे खरंच माझी. कॅमेरा माझ्या छातीवर होता. झांबरे पडल्यावर मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले, आणि कॅमेरा कोणीतरी काढून ठाण्यात आणला, संगणकाला जोडला. आता संध्याकाळ झाली होती. माझ्या छातीवरून ती दुपार सगळ्यांनी बघून झाली होती. मी सोडून.

“मगदूम आली,” आतून कोणीतरी म्हणालं. “ये की. तुझाच पिच्चर लागलाय.”

“नको,” मी म्हणाले.

का नको, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

*

या जागी व्हिडिओ आहे.

मी तो बघितलेला नाही. म्हणून या कथेत तो फक्त ऐकू येईल.

*

जुळवणी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

हवालदार हणमंत खोत आमच्या ठाण्याचे रायटर. म्हणजे साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचं लिखाण यांच्या हातचं. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. कॅमेरे येण्याआधी तात्यांचे रिपोर्ट तालुक्यात प्रसिद्ध होते. त्यांच्या रिपोर्टात आरोपी नेहमी अंधाराचा फायदा घेऊन पळायचा, मग वेळ भर दुपारची का असेना. बातमी नेहमी खास बातमीदाराकडून मिळायची. आणि आरोपी नेहमी ‘अचानक चिडून जाऊन’ काहीतरी करायचा. शांतपणे गुन्हा केलेला माणूस तात्यांच्या लिखाणात मला कधी सापडला नाही.

मग कॅमेरे आले. आणि एका प्रकरणात असं झालं, की रिपोर्टात तात्यांनी सवयीने लिहिलं ‘आरोपीने अर्वाच्य शिवीगाळ केली’, आणि कोर्टात व्हिडिओ लावला तर आरोपी दोन्ही हात जोडून उभा. एक शब्द बोलत नव्हता. आमचा एक चांगला पोरगा त्यात निलंबित झाला. त्या दिवसापासून फौजदार बर्गेसाहेबांनी नियम केला : आधी व्हिडिओ बघायचा, मग लिहायचं. जे दिसतं तेच लिहायचं. दिसत नाही ते लिहायचं नाही.

वाईट नियम नव्हता. साहेबांना दुसरा पोरगा घालवायचा नव्हता.

तात्यांनी त्याची रीत बसवली. सगळे संगणकापुढे बसणार, चहा येणार, तात्या एक रिपोर्ट सांगणार आणि प्रत्येकजण आपलं नाव घालून तोच उतरवून काढणार. “पत्रिका जुळल्याबिगर लगीन न्हाई,” तात्या म्हणायचे, “आन पिच्चर जुळल्याबिगर रिपोर्ट न्हाई.” त्याला आम्ही जुळवणी म्हणायचो.

*

त्या दुपारी निंबळ्याच्या उरुसाचं कुस्त्यांचं मैदान होतं. झांबरे आणि मी मैदानाच्या तोंडाशी, लोखंडी बॅरिकेडजवळ बंदोबस्ताला. बाबालाल नदाफ नावाचा फुगेवाला वाटेत उभा राहत होता आणि झांबरे त्याला सरकवत होते. निकाली कुस्ती लागली, गर्दी उसळली. नदाफने फुग्यांचा बांबू उलटा धरला आणि झांबऱ्यांना मारलं. झांबरे पडले. लोकांनी नदाफला धरून बदडलं आणि ठाण्यात आणलं.

नदाफ पहिल्यापासून एकच सांगत होता : बॅरिकेडला करंट होता, साहेब चिकटले होते, मी सोडवलं.

बर्गेसाहेब माणूस सरळ. ते ऐकून संध्याकाळी स्वतः मैदानावर गेले. त्या दिवसाच्या कुस्त्या संपलेल्या, गर्दी पांगलेली. साहेबांनी सगळ्यांसमोर बॅरिकेडवर हात ठेवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत चालत गेले. काही नाही.

“दर आरोपीकडं एक करंट असतोय,” परत आल्यावर ते म्हणाले.

सकाळी नदाफला कोर्टात उभं करायचं होतं. कर्तव्यावरच्या पोलिसाला मारहाण. आमचे सगळ्यांचे रिपोर्ट जुळले, की जामीन अवघड. उरुसाचा हंगाम जायचा, आणि हंगामावर वर्ष काढणारं घर होतं ते. त्याची बायको जैतूनबी ठाण्याच्या बाकावर बसली होती. मांडीवर फुगे भरायचा पंप. तो कोणी घेऊन जाईल म्हणून तिने घट्ट धरला होता.

“बाई,” मी जवळून गेले तशी ती म्हणाली, “तुम्ही तितंच होता ना?”

“होते.”

“मग तुमी बघितलं असंल.”

“काय?”

“मी कशी सांगू? मी नव्हती तितं. तुमी होता.”

*

आता दवाखाना. हा भाग कोणाच्याच कॅमेऱ्यात नाही.

झांबऱ्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती. कोपरापर्यंत पट्ट्या बांधलेल्या. ते शुद्धीवर आले तेव्हा मी खाटेजवळ होते.

“मगदूम.”

“बोला आण्णा.”

“मी पडलो कसा गं?”

“आठवत नाही?”

“जोड लागलीती. बुटक्या पैलवानानं पट काढलावता. मग एकदम तू दिसलीस, वरनं वाकल्याली. मधलं कायच न्हाई. कात्रीनं कापल्यावानी.”

“पडून राहा. चहा आणते.”

मी चहा घेऊन आले, तर ते डाव्या हातात मोबाईल धरून बसले होते. ठाण्यातल्या कोणीतरी पडद्यावरून शूट करून तो तुकडा त्यांना पाठवला होता. त्यांनी तो किती वेळा बघितला माहीत नाही. माझ्यासमोर पुन्हा लावला. मी खिडकीकडे बघितलं.

“नदाफानं मारलं गं मला,” ते म्हणाले. आवाज ओला झाला होता. “मी नुसतं सरक म्हणालोतो. आन त्यो असा वळला. डोळं लाल झाल्तं त्याचं. मी म्हणलं, बाबा, दम धर जरा. तरी घातलाच त्यानं.”

“आण्णा, हे आठवलं तुम्हाला?”

“आठवलं म्हंजे? समोर हाय की.”

“डोळे लाल झाले ते पण दिसतं त्यात?”

त्यांनी मोबाईलकडे बघितलं. मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

“पाठ दिसतीया त्याची,” ते म्हणाले. “पण डोळं लालच हुतं. मला ठाऊक हाय की.”

झांबरे खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारी माणसं मला ओळखू येतात, रोज भेटतात. एका माणसाच्या डोक्यात मोकळी जागा होती आणि माझ्या डोळ्यांदेखत ती भरली गेली. आणि तो ती जागा आता आपली समजत होता.

मी त्यांचे बूट उचलले आणि ठाण्यात आले.

*

“मी आधी लिहिते,” मी तात्यांना म्हणाले. “मग बघते.”

तात्यांनी चष्म्यावरून बघितलं. “लिव्हतीस म्हंजे? काय लिव्हनार? मी लिव्हलाय की. उतरव आन सही कर. दवाखान्यात दमली असशील.”

“दमले नाही.”

“मगदूम, तू शिकल्याली पोरगी हाईस. कोर्टात तुझा कागद एक बोलला आन पिच्चर दुसरं बोलला, तर वकील काय करतोय म्हाईत हाय न्हवं?”

“म्हणूनच म्हणते, व्हिडिओ काय बोलतोय ते मला कळायच्या आत लिहू दे.”

“उलटीच गंगा!”

बर्गेसाहेब आतल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“काय कुरकूर आहे?”

मी सांगितलं. झांबऱ्यांचं काय झालं, तेही सांगितलं. साहेब ऐकत होते. त्यांचा हात सारखा टेबलावरच्या पेपरवेटवर फिरत होता.

“झांबरे मार खाल्लेला माणूस आहे, गोंधळला असेल,” ते म्हणाले. “तू तर शुद्धीत होतीस.”

“मीही उद्या तसंच म्हणेन, साहेब. समोर आहे की.”

साहेबांनी पेपरवेट बाजूला ठेवला. मग म्हणाले, “हे बघ. तो पोरगा निलंबित झाला तेव्हा त्याच्या आईला उत्तर मी दिलं. तुझ्या वेळी तू द्यायचं. सकाळी कोर्टाच्या आधी कागद माझ्या टेबलावर. पण लिहून झाल्यावर व्हिडिओशी ताडून बघणार मी. जुळला नाही तर—”

“तर मी सही बदलणार नाही, साहेब.”

“वा रे वा,” तात्या म्हणाले. पण हळू.

*

महिला पोलिसांना कपडे बदलायला एक खोली होती. तिथल्या लोखंडी कॉटवर बसले. बूट खाली ठेवले. कोरे कागद मांडीवर.

पहिला कागद :

सविनय सादर. मी महिला पोलीस शिपाई कांचन मगदूम, नेमणूक निंबळे पोलीस ठाणे. आज रोजी उरुसानिमित्त कुस्ती मैदान बंदोबस्तकामी हजर असताना यातील आरोपी याने अचानक चिडून जाऊन हातातील बांबूने

थांबले. ‘अचानक’ मी बघितलं होतं का? ‘चिडून जाऊन’ कुठे होतं? ते माझ्या हातातून आपोआप आलं होतं, जसं देवळापुढून जाताना हात आपोआप छातीकडे जातो. तात्या खोलीत नव्हते, तरी लिहीत तेच होते.

कागद फाडला.

दुसरा कागद :

झांबरे माझ्या उजव्या बाजूला होते. त्यांचा उजवा हात बॅरिकेडच्या वरच्या नळीवर होता. नदाफ म्हणाला, ओ सायेब, गरिबाच्या पोटावर पाय का देताय? झांबरे म्हणाले, पोटावर न्हाई बाबा, वाटंवर देतोय, सरक. नदाफ हसला. झांबरेही हसले. नदाफने त्यांना विचारलं, आज कोण मारणार? झांबरे म्हणाले, बुटका. नदाफ म्हणाला, लावता फुगा?

एवढं लिहिलं आणि मी बघतच राहिले. हे भांडण होतं? यांनी पैज लावली होती. फुग्याची.

लोक ओरडले म्हणून मी आखाड्याकडे बघितलं. सगळे ओरडत होते. झांबरे ओरडत नव्हते.

हे लिहिताना पेन थबकलं. झांबरे कुस्तीला गप्प? हा माणूस ठाण्यात टीव्हीवर कुस्ती लागली तरी टेबल बडवायचा. आणि त्यांचा बुटका पट काढत होता, आणि ते गप्प होते.

मी वळून बघितलं. झांबऱ्यांचे ओठ फाकले होते. दात आवळलेले. मला वाटलं, कुस्तीत रंगलेत. नदाफ माझ्याकडे बघून काहीतरी ओरडला. हलगीमुळे ऐकू आलं नाही. त्याने बांबू खाली केला, फुग्यांची बाजू पोटाशी धरली आणि मोकळ्या टोकाने झांबऱ्यांच्या पंजावर मारलं. फुगे फुटले. झांबऱ्यांनी हात काढला नाही. दुसरा फटका बसला. हात काढला नाही. मी धावले आणि झांबऱ्यांचा दंड धरला. माझ्या कोपरावर कोणीतरी मारल्यासारखं झालं. कळ खांद्यापर्यंत गेली. माझ्याजवळ कोणी नव्हतं. नदाफने मला खांद्याने ढकललं. तिसरा फटका मारला. झांबरे सुटले आणि पडले. त्यांचे पाय माझ्याकडे होते. तळव्यांना लाल चिखल होता.

तळव्यांना.

मी खाली बघितलं. कॉटशेजारी बूट होते. पॉलिश केलेले, कोरडे, टाचेला धूळसुद्धा नाही. सकाळी बंदोबस्ताला निघताना होते तसे.

मी दवाखान्यात ते हातात घेऊन फिरले, रिक्षात मांडीवर ठेवले, ठाण्यात घेऊन आले, आणि एकदाही स्वतःला विचारलं नाही, की हे माझ्याकडे का आहेत.

कारण ते दुपारीच माझ्याकडे दिले होते. झांबरे तरुणपणी तालमीत होते. मैदानाच्या कडेला पोचल्यावर त्यांनी बूट-मोजे काढले आणि माझ्याजवळच्या कोरड्या कट्ट्यावर ठेवले. “ध्यान ठेव गं मगदूम. आखाड्याची माती हाय. बूट घालून हुबारलो तर वस्ताद वरनं खाली येऊन थोबाडीत मारतील.” कुस्त्यांच्या आधी धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलं होतं. माती ओली होती. बॅरिकेडला टेकलेली बाकीची शेदोनशे माणसं चपला-बूट घालून उभी होती. आणि संध्याकाळी हात फिरवत गेलेले बर्गेसाहेबही.

ही गोष्ट कॅमेऱ्यात नव्हती, कारण बूट काढले तेव्हा तो सुरू केला नव्हता, आणि मी ठेंगणी. छातीवरच्या कॅमेऱ्यात झांबऱ्यांचं वर डोकं मावत नव्हतं आणि खाली पाय. आणि झांबऱ्यांची ही सवय ठाऊक असूनही तात्यांच्या कागदात ती नव्हती, कारण बंदोबस्तावर अनवाणी उभं राहिलं तर शिक्षा होते, आणि तात्या झांबऱ्यांचे दोस्त होते.

तिसरा कागद घेतला नाही. दुसऱ्यावरच पुढे लिहिलं :

पोलीस नाईक झांबरे यांनी मातीचा मान म्हणून बूट काढले होते. बूट माझ्याकडे आहेत.

सही केली.

*

तात्यांनी उभ्याउभ्याच वाचलं.

“भाषा बघ काय,” ते म्हणाले. “सादर न्हाई, सविनय न्हाई. लावता फुगा म्हनं! कोर्टात हसतील की गं.”

“हसू देत.”

“आन ह्ये बूट कशाला काढलंस भाईर? त्या झांबऱ्याला शिक्षा हुईल. रिटायरला आलाय त्यो.”

“आणि नदाफला काय होईल?”

तात्यांनी कागद पुन्हा वरून वाचायला घेतला. मधे एका जागी बोट ठेवलं.

“हात काढला न्हाई?”

“नाही.”

“दोन फटकं खाऊन?”

“दोन फटके खाऊन.”

“लेका, मानसाच्या हातावर माशी बसली तर त्यो हात काढतोय,” तात्या स्वतःशीच म्हणाले आणि संगणकाकडे गेले. मी दाराबाहेरच थांबले. आतून क्लिक ऐकू आली. हलगी वाजायला लागली. फुगे फुटले. पुन्हा हलगी, पुन्हा फुगे. मग आवाज बंद केला असावा.

“एक,” तात्या म्हणाले.

खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला.

“मगदूम.”

“काय तात्या?”

“बोटं सोडंना की गं ह्येची.”

मी भिंतीला टेकले.

“चार बारी बघितला आमी ह्यो पिच्चर. चहा पीत पीत. सगळी नदाफाचाच हात बघत बसलो. झांबऱ्याचा हात बघितलाच न्हाई कुणी. हितंच हुता की. मधोमध.” मग मोठ्याने : “साहेब! ओ साहेब, जरा या हिकडं.”

*

बर्गेसाहेब सहजासहजी पटणारे नव्हते. हात चिकटला म्हणजे करंटच कशावरून, रागाने घट्ट धरला असेल. संध्याकाळी मी स्वतः हात लावला, ते म्हणाले. उरूस भरवणाऱ्या मंडळाचे लोक सांगतात, स्पीकरच्या वायरी बॅरिकेडपासून लांब होत्या.

“साहेब, सांजच्याला स्पीकरची मशीन बंद हुती,” तात्या म्हणाले. “आन तुमच्या पायात बूट हुतं.”

“उद्या सकाळी जाऊ,” साहेब म्हणाले. “कोर्टाच्या आधी. वायरमनला बोलवा. नदाफला पण घ्या.”

सकाळी मैदानावर दुसऱ्या दिवसाच्या कुस्त्यांची तयारी चालली होती. टँकर नुकताच फिरून गेला होता. लाल माती ओली होऊन तिला वास सुटला होता. स्पीकरवर एकजण “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग” करत होता. वायरमन अजून यायचा होता. आम्ही पाचजण : साहेब, तात्या, मी, नदाफ आणि त्याच्या हाताला धरून एक शिपाई. नदाफचा एक डोळा मारामुळे मिटलेला. माझा कॅमेरा पुरावा म्हणून कपाटात बंद होता, दुसरा मिळाला नव्हता.

“कुठे होते झांबरे?”

मी जागा दाखवली.

“तू?”

दाखवली.

साहेब बॅरिकेडजवळ गेले. नदाफ कासावीस झाला. “साहेब, मशीन चालू हाय. साहेब, लांबनं.”

“गप रे,” शिपाई म्हणाला.

साहेबांनी घड्याळात बघितलं. वायरमनचा पत्ता नाही. कोर्टाची वेळ होत होती. “नुसत्या थापा आहेत का खरं, ते मी अनवाणी उभं राहूनच बघतो. वायरमन आला की टेस्टर लावू, तोवर जागेवर उभा तर राहतो,” असं काहीतरी पुटपुटत ते वाकले आणि उजव्या बुटाची नाडी सोडली. बूट काढला. मोजा काढला. उघडा पाय ओल्या मातीत ठेवला. मग डावा पाय उचलून नाडी सोडायला लागले.

एका पायावर उभा राहिलेला माणूस डुलतो. डुलला, की जवळ जे असेल ते धरतो. त्यात विचार नसतो. साहेबांचा हात बॅरिकेडकडे गेला.

पुढचं मी बघितलं. शिपायाच्या हातातून नदाफ निसटला. तो ओरडला नाही. खांदा पुढे करून तो साहेबांच्या कमरेवर आदळला, आणि दोघे मातीत पडले. साहेब खाली, नदाफ वर. साहेबांची टोपी लांब गेली. शिपायाने काठी उगारली.

“थांब!” तात्या ओरडले. “खाली घे काठी. खाली!”

स्पीकरवाला हॅलो म्हणायचा थांबला. साहेब मातीत उताणे पडून आभाळाकडे बघत होते. नदाफ बाजूला सरकला आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून बसला, मार यायच्या तयारीत.

मार आला नाही.

वायरमन आला तेव्हा साहेब एका पायात बूट घालून बसलेले होते. वायरमनने टेस्टर नळीच्या सोललेल्या रंगावर टेकवला, आणि त्यातला बारीक दिवा लागला. खालून बॅरिकेडला बांधून नेलेली मशीनची वायर होती, तिच्या जोडाची पट्टी सुटली होती. वायरमनने आईवरून एक शिवी घातली आणि मशीन बंद करायला पळाला.

साहेबांनी मिशांतली माती झटकली.

“मगदूम.”

“जी साहेब.”

“बघितलंस?”

“बघितलं.”

“कॅमेरा?”

“नाही साहेब. कपाटात आहे.”

साहेबांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी आखाड्याकडे बघितलं. जुळवायला काहीच नव्हतं. साहेबांनी नदाफचा हात धरून त्याला उठवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मग लिही.”

“काय लिहू?”

“आता मला विचारतेस?” साहेब म्हणाले. “बघितलंस ते.”

*

नदाफ त्याच दिवशी घरी गेला. जैतूनबी पंप घेऊन पुढे, तो मागे. झांबऱ्यांना बुटांबद्दल लेखी समज मिळाली. उरुसाच्या मंडळावर गुन्हा दाखल झाला. तात्यांनी निवृत्त होईपर्यंत ‘अचानक चिडून जाऊन’ लिहिणं सोडलं नाही, पण कोणी संगणकाकडे निघालं, की कागद पुढे सरकवून म्हणायचे, “आधी हिकडं. मग पिच्चर.”

मी आता फौजदार आहे. दुसऱ्या जिल्ह्यात असते. तो व्हिडिओ मी अजून बघितलेला नाही.

मागच्या वर्षी रजा घेऊन निंबळ्याच्या उरुसाला गेले होते. झांबरे भेटले. निवृत्त, पोट सुटलेलं, खांद्यावर नात. मैदानाच्या तोंडाशी नदाफ उभा होता, केस पांढरे झालेले, बांबू बहुतेक तोच.

“लावता फुगा, आण्णा?” नदाफ म्हणाला.

“लावतो की. आज कोन मारनार?”

“तुमी सांगा.”

नातीने लाल फुगा निवडला. नदाफने दोरा पुढे केला. झांबऱ्यांचा उजवा हात वर आला, आणि अर्ध्यातच मागे गेला, पाठीमागे जाऊन लपला. त्यांनी फुगा डाव्या हाताने घेतला. नदाफने ते बघितलं नाही, किंवा दर वर्षी बघत असल्यामुळे आता बघत नसावा.

आम्ही थोडं पुढे गेल्यावर झांबरे म्हणाले, “ह्येच्यामुळं हाय गं मी. ही नात हाय. म्हाईत हाय मला सगळं.”

“हो ना, आण्णा.”

“पण आठवतं ते मोबाईलमधलंच. ह्यो वळतोय, डोळं लाल झाल्यात, आन मारतोय. येवढंच हाय माझ्याकडं.” त्यांनी नातीला खांद्यावर नीट बसवलं. “करंट काय आठवत न्हाई बघ.”

मागून नदाफ ओरडला, “आण्णा, बूट काढायचं असतील तर माझ्यापाशी ठेवा!”

“ठेवतो की,” झांबरे म्हणाले, आणि वाकले.